वेलांटी

आमच्या गावाच्या एसटी थांब्याजवळ एका बाईचा पुतळा आहे. ती माझ्या आजोबांची बहीण. आमच्याकडं बापाच्या बहिणीला फुई म्हणतात, आणि ती सगळ्या गावाचीच फुई होती. चार वर्षांचं पोर असो की सत्तरीचा म्हातारा, तिला दुसरी हाक मारलेली मी ऐकली नाही. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. नावाच्या आधी काय लावायचं यावरून जेवढं वाटोळं व्हायचं तेवढं दगडावर झालेलं आहे, आणखी कागदावर नको.

गंगाखेडहून राणीसावरगावकडं निघालं की मधे आमचा फाटा लागतो. मी शाळेत मराठी शिकवायची. नवरा गेल्यावर बदली मागून माहेरी आले आणि पुढं इथंच आईजवळ राहिले. भाच्यांना आता मीही फुईच आहे, पण ती फुई वेगळी होती.

तिला जिंतूरकडं दिली होती. मूल झालं नाही. सासरच्यांनी काही वर्षं वाट पाहिली आणि एका सकाळी तिला बैलगाडीत घालून आमच्या वेशीत आणलं. पेटी खाली ठेवली, गाडी वळवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले. त्यानंतर रझाकारी आली. माझे आजोबा आणि गावातली चार माणसं डोंगरात लपली होती. फुई धुण्याच्या पाटीत खाली भाकरी आणि वर कपडे घालून ओढ्यावर जायची. एकदा तिला धरलं. भाऊ कुठं आहे ते सांग म्हणून चावडीपुढं सगळ्या गावादेखत बंदुकीच्या दस्त्यानं तिचा उजवा हात मोडला. तिनं सांगितलं नाही. हाडवैद्यानं बांधलेला हात वाकडाच बसला. मी तिला पाहिली ती तशीच, डाव्या हातानं भाकरी थापणारी.

माझी आई या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिनं रीत म्हणून फुईला ‘आई’ म्हणून हाक मारली. फुईनं तिला तिथंच थांबवलं. म्हणाली, "मला आई म्हणू नगं. मी कुणाची आई न्हाई. अन् त्याची मला लाज बी न्हाई. फुई म्हण." आई हे वाक्य आजही जसंच्या तसं सांगते.

पुढं आईलाही बरीच वर्षं मूल झालं नाही. घरात कुजबुज सुरू झाली, दुसरी बघायची भाषा निघाली. तेव्हा फुई जोत्यावर येऊन उभी राहिली आणि आजोबांना म्हणाली, "हिला गाडीत बसवायची असंल तर आधी मला बसवा." एवढंच. विषय मिटला. त्यानंतर दोन वर्षांनी मी झाले. बारशाला बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं आणि माझ्या वडलांना बहीण नव्हती. आईनं हट्ट धरला, नाव फुईच ठेवील. तोवर गावात कुणाच्याही पाळण्याला फुईला हात लावू देत नसत. बारसं असलं की ती आपण होऊन शेतात निघून जायची, म्हणजे कुणाला तोंडावर नको म्हणायची वेळ यायची नाही. माझ्या बारशाला तिला शेतातून बोलावून आणलं. तिनं वाकड्या हातानं पाळण्याची दोरी धरली आणि माझ्या कानात माझं नाव सांगितलं. बायकांनी नाकं मुरडली म्हणे. मुरडू देत.

तर माझं नाव तिनं ठेवलं. तिचं नाव ठेवायची पाळी आली तेव्हा मला ते जमलं नाही. गावानं मात्र तिला आयुष्यभर नावंच ठेवली होती, आणि मेल्यावरही तेच केलं, फक्त या वेळी हार घालून.

पुतळ्याची कल्पना माझ्या चुलतभावाची. तो सरपंच होता, आता माजी आहे, पण ते त्याला पटलेलं नाही. आसपासच्या गावांत पुतळे झाले, आपल्याकडं कुणाचाच नाही, ही त्याची खंत. मग त्याला फुई आठवली. समिती झाली. समितीत एक बाई पाहिजे आणि मजकूर शुद्ध पाहिजे, या दोन्हींसाठी मला घेतलं. मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती दळण निवडता निवडता म्हणाली, "फुई लिवा. बाकी कायबी लिवा, पर आई लिवू नगा. तिला चालत न्हवतं."

बस, तेवढंच तिचं मागणं. मला ते इतकं सोपं वाटलं की मी हसले होते.

पहिली बैठक मारुतीच्या पारावर झाली. मधलं नाव नवऱ्याचं घालायचं की बापाचं यावर तासभर गेला. कुणी म्हणालं, बाईचं नाव नवऱ्याबिगर अर्धं दिसतं. मी म्हणाले, त्या नवऱ्यानं तिला वेशीत सोडली होती. तर एकजण म्हणाला, "सोडली, पर सोडचिठ्ठी कुठं दिली?" शेवटी बापाचं नाव ठरलं. कारण काय, तर नवऱ्याचं गाव जिंतूर तालुक्यात आणि पुतळा आपल्या गावात. कारण कसलंही असो, बापाचं नाव लागलं, म्हणून मी चहा घेऊन घरी आले.

पदवीचं घोडं पुढच्या बैठकीत अडलं. मी म्हणाले, नावापुढं ‘फुई’ लिहा, खाली तिनं काय केलं ते दोन ओळींत लिहा. सगळे हसले. चुलतभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला, "अक्का, फुई घरात. बाहीरगावचे लोक वाचतील, त्यायला वाटंल कुणाची तरी फुई हाय. पदवी पायजे." मग पदव्या निघाल्या. ‘हुतात्मा’ चालेना, कारण ती म्हातारी होऊन अंथरुणात मेली. ‘स्वातंत्र्यसैनिक’ म्हणायला सरकारी दाखला नव्हता. दाखला आजोबांना मिळाला होता, ज्यांच्यासाठी तिनं हात मोडून घेतला. ‘लिंगैक्य’ लिहा असं कुणी सुचवलं, पण तसं गेलेल्या लिंगायताला म्हणतात, आणि ती त्या घरची नव्हे. मग मी म्हणाले, फुई नको तर ‘वीरांगना’ लिहा. माना डोलल्या. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात आमच्या शाळेतून माझ्याआधी निवृत्त झालेले एक गुरुजी, तेही समितीत होते, घसा साफ करून म्हणाले, "बाई, अक्षरं पितळंची चिकटवणार हायत ना?" हो म्हटलं. "मग ‘वी’ची वरची वेलांटी पडली तर काय उरतंय?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मला कळलं, कारण मी आयुष्यभर वेलांट्याच तपासल्या. दीर्घ वेलांटीचा वरचा बाक गळला की खाली नुसता काना उरतो. वी-चा वा होतो. वीरांगना-चं वारांगना होतं. गुरुजींनी दुसरा शब्द उच्चारलासुद्धा नाही, पण ज्यांना कळत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी कानात सांगितला, आणि सगळे पाराच्या फरशीकडं असे बघायला लागले, जणू वेलांटी पडलीच.

"पालमच्या बाजूला एका पुतळ्याची निम्मी अक्षरं गळाल्यात," कुणीतरी म्हणालं. ते खरंही होतं. मी म्हणाले, अक्षरं चिकटवू नका, दगडात कोरा. चुलतभाऊ म्हणाला, पितळ उठून दिसतं. म्हणजे बाई कोण होती ते शब्दावरून ठरेना, पण पितळ ठरलं होतं.

आणि मग कुणीतरी ‘वीरमाता’ म्हणालं. कोण म्हणालं ते आता कुणीच कबूल करत नाही. वेलांटी पडली तरी ओंगळ काही होत नाही, मान राहतो, छातीही फुगते. बाईमाणसाला माता म्हटलं की वाद संपतो. मी उठून उभी राहिले. म्हणाले, तिला मूल नव्हतं. त्याच कारणानं तिला टाकली होती. तिला स्वतःला आई म्हटलेलं चालत नव्हतं. चुलतभावाला खरंच कळत नव्हतं मी का चिडले. तो वाईट माणूस नाही, हेच तर दुखणं आहे. तो म्हणाला, "अक्का, मूल न्हवतं म्हणून तर म्हणायलोय. जित्तेपणी कुणी आई म्हणलं न्हाई, आता सगळं गाव म्हणंल. तिचं पांग फिटंल." बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यापुढं मी खाली बसले.

मूर्तिकाराकडं परभणीला आम्ही दोघं गेलो. फोटो एकच होता, लग्नातल्या घोळक्यातला, त्यात ती मागं उभी. मूर्तिकारानं फोटो बाजूला ठेवला आणि विचारलं, "टायटल काय?" वीरमाता म्हटल्यावर त्याचं काम सोपं झालं. तो म्हणाला, "माता असली की डोक्यावर पदर अन् हात आशीर्वादाचा. साचा तयार हाय." मी म्हणाले, तिचा उजवा हात वाकडा होता, तो तसाच पाहिजे. त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, वाकडा हात केला तर लोक म्हणतील मूर्ती बिघडली." चुलतभावानं मान हलवली. फुईचा जो हात मोडला म्हणून पुतळा होत होता, तो हात सरळ झाला. मला तिथं मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि मी फायबरच्या घोड्यांकडं बघत बसले.

आईला मी अनावरणाच्या आदल्या दिवशी सांगितलं. आधी माझं तोंडच उघडेना. तिनं नुसतं विचारलं, "तू सांगितलं होतंस ना त्यायला?" सांगितलं होतं म्हणाले. "मग झालं," म्हणाली आणि उठून गेली.

अनावरणाला परगावचे मोठे पाहुणे आले. आईला घरची म्हणून पुढच्या रांगेत खुर्ची दिली. पाहुण्यांना कुणी फुईबद्दल दोन वाक्यं सांगितली असतील, बाकी सगळं त्यांनी पदवीवरून उभं केलं. वीरमाता म्हटल्यावर वीर पुत्र आला. पुत्राला हसत हसत धाडणारी आई आली. "धन्य ती कूस," ते म्हणाले आणि टाळ्या झाल्या. आई माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "कुणाची कूस म्हणायलाय ह्यो?" मी तिचा हात धरला.

तरी वाटलं, चला, झालं एकदाचं. लोक चार दिवसांनी विसरतील, पुतळ्यावर कावळे बसतील, जगातल्या सगळ्या पुतळ्यांचं होतं तेच हिचं होईल. एवढी साधी इच्छाही पुरी झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वेलांटी पडली. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन, त्यात काळा दगड, डिंक कसला टिकतोय. मी बाजाराहून आले, रिक्षातून उतरले आणि बघते तर ‘वी’चा वरचा बाक नाही. नुसता काना. मोठ्या पितळी अक्षरांत लिहिलेलं: वारमाता. चुलतभावाला सांगितलं. तो म्हणाला, "बसवू की." मग गाल खाजवत म्हणाला, "बघ अक्का, गुर्जी बरोबर बोलले होते. तुझ्या शब्दावर गेलो असतो तर आज तोंड दाखवायला जागा न्हवती." आणि वर मलाच दिलासा दिला, की वारमातामध्ये वाईट तर काही नाही.

वाईट काही नाही. पण वार म्हणजे काय ते आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारावं. बाळामागून जी पडते ती वार. बाळंतिणीच्या खोलीबाहेर पहिला प्रश्न असतो, पोर काय झालं, आणि दुसरा, वार पडली का. थांब्यावर बसची वाट बघत बसलेल्या कुणा बाईनं नातवाकडून ते वाचून घेतलं असेल. वारमाता. म्हणजे सुखरूप सोडवणारी. वर हात आशीर्वादाचा, डोक्यावर पदर, अंगावर हार. आणखी काय पाहिजे?

पहिल्यांदा चौथऱ्यावर एक नारळ दिसला. मग हिरव्या बांगड्या. मग खण. वार म्हटल्यावर वारही पाहिजे, म्हणून मंगळवार ठरला. पालमच्या बाजूनं जीप भरून बाया यायला लागल्या, पाथरीहून एक कुटुंब साईच्या दर्शनानंतर मुद्दाम इकडं आलं. अवघडलेल्या येत, ज्यांना होत नाही त्या येत. त्या बाईची ओटी भरत, जिची ओटी गावातल्या एकाही सवाष्णीनं ती जिवंत असताना भरली नव्हती. जिला पाळण्याला हात लावू देत नव्हते, तिच्या पायाशी लोक खेळण्यातले पाळणे ठेवून जायला लागले.

आई सुरुवातीला दर मंगळवारी जाऊन बसायची. येणाऱ्या बायांना सांगायची, बायांनो, हिला लेकरू न्हवतं, ही आमची फुई हाय, हिचा हात मोडला होता. कुणी ऐकून घेत, कुणी म्हातारीला चळ लागलाय म्हणून हसत. नारळवाल्यानं एकदा माझ्याजवळ तक्रार केली. मी पुन्हा चुलतभावाकडं गेले, वेलांटी बसव म्हणून. तो खरंच अडचणीत आलेला दिसला. म्हणाला, "अक्का, आता लोकायची श्रद्धा बसलीय. आता वेलांटी बसवली तर लोक म्हणतील देवीचं नाव बदललं. कोण अंगावर घेईल?" पडली तेव्हा उचलून डिंक लावायचा, एवढं काम होतं. आता ते पाप ठरलं होतं.

गेल्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. मी आईबरोबर गेले होते, तिला आता धरून न्यावं लागतं. पालमकडच्या एक सासू-सून आल्या. सून विशी-बाविशीची, हिरवी साडी, खाली मान. सासूनं तिच्याकडून ओटी भरून घेतली, नमस्कार करवला आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे शेवटचं बघ. हितं बी न्हाई झालं तर दिवाळीला तुला तुझ्या बापाकडं सोडते." सुनेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

मग सासूनं आईकडं वळून विचारलं, "आजी, तुमी ह्याच गावच्या का? ह्या माईला लेकरं किती होती?"

हाच प्रश्न. याच प्रश्नासाठी आई इतके मंगळवार उन्हात बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिचं तोंड उघडलं होतं, वाक्य जिभेवर आलेलं मला दिसत होतं. ती सुनेकडं बघत होती. सूनही आता मान वर करून तिच्याकडं बघत होती.

"होती," आई म्हणाली. "लय उशिरानं झाली, पर झाली. कुणाकुणाला उशिरा होतेत. हिच्या सासूनं दम धरला म्हणून झाली. तुमी बी दम धरा. दिवाळी-बिवाळी म्हणू नगा."

सासूनं हात जोडले. म्हणाली, असं हाय व्हय, मग बघू अजून वरीसभर. सुनेनं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि जीपमध्ये जाऊन बसली.

घरी आल्यावर आईनं पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसली. जेवायला बोलावलं तर नको म्हणाली. मग म्हणाली, "त्यायनी नुसतं आई म्हणलं होतं गं. पोर तर मीच लावलं तिला."

मी म्हणाले, फुई असती तर तिनंही हेच केलं असतं. आई म्हणाली, "फुई असती तर खरं बोलली असती अन् त्या सासूचं बखोट धरलं असतं. माझ्यात तेवढं बळ कुठंय?"

तेव्हापासून ती पुतळ्याकडं जात नाही. कुणी घरी येऊन विचारलं तर ‘होती’ म्हणते, कारण एकीला एक आणि दुसरीला दुसरं सांगून चालत नाही, बायांचं बोलणं गावोगाव फिरतं. खरं सांगत बसणारं शेवटचं माणूस आता खोटं बोलतं, आणि मी तिला थांबवू शकत नाही. दिवाळी होऊन गेली. पालमची जीप फाट्यावर थांबल्याचा आवाज आला की आई अंथरुणातून विचारते, "ती पोर हाय का गं त्यात? ठिवली असंल का तिला?"